माहितीचा अधिकार: माणसाबद्दल विचारू नका, कागद मागा

"सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." माहिती अधिकाराचा अर्ज करणाऱ्याला हे एका ओळीचं उत्तर कधी ना कधी मिळतंच. पूर्वी ते आलं की अपिलात लिहायचे दोन-तीन मुद्दे ठरलेले असायचे. आता ते मुद्दे कायद्याच्या पुस्तकातच राहिलेले नाहीत. त्यामुळे आधी काय बदललं ते थोडक्यात सांगतो आणि मग अर्ज कसा करायचा त्याकडे वळतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये कलम ८(१)(जे) आहे (मराठी प्रतीत ‘ञ’). सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा एखाद्याच्या खाजगीपणावर विनाकारण घाला घालणारी वैयक्तिक माहिती नाकारता येईल, असं त्यात होतं. व्यापक जनहित असेल तर तीही द्यायची, आणि जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारायचं नाही, अशी पुस्ती होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळं काढून टाकलं. १४ नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. आता तिथे उरलंय ते एवढंच: वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. जनहिताची तरतूद कलम ८(२) मध्ये मात्र अजून शाबूत आहे. पुढे ती लागणार आहे.

मी नगरपरिषद, पंचायत समिती आणि तहसील अशा तिन्ही ठिकाणी अर्ज केले आहेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही लिहून दिले आहेत. माझं मत असं झालंय की या बदलानंतर निम्मी लढाई अर्जाच्या मसुद्यातच होते. नाव घेऊन माणसाबद्दल विचारलंत की तुम्हीच नकाराची दोरी त्यांच्या हातात देता.

लागणारं साहित्य

जोडपत्र ‘अ’ चा, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या फॉर्मचा, कोरा नमुना (झेरॉक्सच्या दुकानात मिळतो, नाही तर साध्या कागदावर तेच मुद्दे लिहिले तरी चालतं), १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, अर्जाची दुसरी प्रत, आणि दारिद्र्यरेषेखाली असाल तर त्या दाखल्याची प्रत. अपिलाची वेळ आली तर जोडपत्र ‘ब’ आणि ‘क’, प्रत्येकी २० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. आणि एक फाइल, जिच्यात पाकिटांसकट सगळं ठेवायचं. पाकिटावरचा टपालाचा शिक्का पुढे पुरावा ठरतो.

१. अर्ज करण्याआधी: ती माहिती आधीच उघडी आहे का?

पुष्कळ कागदांसाठी अर्जाची गरजच नसते. सात-बारा आणि ८-अ महाभूलेखवर दिसतात. डिजिटल सहीचा सात-बारा १५ रुपयांत निघतो आणि तो सरकारी कामाला चालतो. शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर सांकेतांकानुसार शोधता येतात. बिल्डरच्या प्रकल्पाची कागदपत्रं महारेरावर असतात. निवडणुकीतल्या उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं.

खरेदीखताचं उदाहरण बोलकं आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक १ आणि त्याची सूची कोणालाही पाहता येते. म्हणूनच नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स-टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, सापडतो. मृत्युपत्रांचं पुस्तक ३ मात्र तसं नाही. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, पश्चात कोणालाही. कोणता कागद चारचौघांचा आणि कोणता घरातला, याची रेघ शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यानं अशी आखून ठेवली होती. जो कागद दुसऱ्या कायद्यानं उघडा आहे, तो त्या कायद्याखाली मागा. नक्कल शुल्क भरा, मोकळे व्हा. माहिती अधिकार मध्ये आणलात तर नको ते कलम मध्ये येतं.

कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायची माहिती कलम ४(१)(ख) मध्ये आहे; तिला सगळे ‘सतरा मुद्दे’ म्हणतात. अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची निर्देशिका, त्यांचा मासिक पगार, अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी, सवलती आणि परवाने कोणाला दिले त्यांचा तपशील. नव्या बदलानं कलम ४ ला हात लावलेला नाही. हे लक्षात ठेवा, अपिलात उपयोगी पडेल.

२. कार्यालय आणि अधिकारी नेमका कोणता

अर्ज नेहमी ‘जन माहिती अधिकारी’ या पदनामानं करायचा, साहेबांच्या नावानं नाही. बदली झाली तर नावाचा अर्ज टेबलावरच पडून राहतो. प्रत्येक कार्यालयाच्या दर्शनी भागात माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी यांचा फलक असायला हवा. असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत तो योग्य ठिकाणी वर्ग करणं त्यांचं काम आहे. "आमच्याकडे नाही, तिकडे करा" असं सांगून अर्ज परत देता येत नाही. तरी तुम्हाला ठिकाण माहीत असेल तर थेट तिथेच द्या, वेळ वाचतो.

गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला माहिती अधिकाराचा अर्ज देऊन उपयोग नाही. सहकारी संस्था सर्वसाधारणपणे ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये केरळमधल्या थलप्पलम बँकेच्या प्रकरणात ठरवलं. पण सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाकडे सोसायटीचे जे कागद आहेत किंवा कायद्यानं ते मागवू शकतं, ते उपनिबंधकांकडून मागता येतात. लेखापरीक्षण अहवाल, दोष दुरुस्ती अहवाल, निवडणुकीची संचिका हे सगळं त्यात येतं. सभासद म्हणून सहकार कायद्याखालचा हक्क वेगळा आहे, तोही वापरा.

३. मसुदा: इथेच खरं काम आहे

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून दोन अटी आहेत: एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. केंद्र सरकारच्या कार्यालयांना, म्हणजे रेल्वे, भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीयीकृत बँका वगैरेंना, ही मर्यादा ५०० शब्दांची आहे.

नवखा माणूस साधारण असं लिहितो: "आमच्या गल्लीचा रस्ता सहा महिन्यांत का उखडला? अमुक अभियंत्यानं किती पैसे खाल्ले? त्याची मालमत्ता किती? त्याच्यावर काय कारवाई केली?" या चारही प्रश्नांना कागद न दाखवता उत्तर देता येतं. ‘का’ विचारलं की "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही". मालमत्ता विचारली की वैयक्तिक. कारवाई विचारली की पुन्हा वैयक्तिक. आणि कायदा त्यांच्या बाजूनं आहे. माहिती अधिकारी अभिलेखावर आहे ते देतो. मत देणं किंवा तुमच्यासाठी माहिती नव्यानं तयार करणं त्याच्यावर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात म्हटलंय.

तोच अर्ज असा लिहा:

*विषय: प्रभाग क्र. … मधील … ते … या रस्त्याचे काँक्रीटीकरण*
*कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५*
*वर्णन: वरील कामाच्या संचिकेतील पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. (१) प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश (२) मंजूर अंदाजपत्रक (३) कार्यारंभ आदेश (४) मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदींची पाने (५) अदा केलेली देयके (६) गुणवत्ता चाचणी अहवाल (७) करारनाम्यातील दोषदायित्व कालावधीचे पान. एखाद्या कागदातील काही मजकूर कलम ८ खाली देय नसल्यास कलम १० नुसार तेवढा भाग झाकून उर्वरित प्रत द्यावी.*

यात कोणाचंही नाव नाही. पण मोजमाप पुस्तिकेवर कनिष्ठ अभियंत्याची सही असते, देयकावर रक्कम असते, चाचणी अहवालावर तारीख असते. तुम्हाला जे सिद्ध करायचंय ते या सात कागदांच्या आपसातल्या विसंगतीतून बाहेर येतं. दोषदायित्व कालावधीच्या आत रस्ता उखडला असेल तर ठेकेदारानं तो स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो, म्हणजे ‘का उखडला’ हे विचारायचीही गरज राहत नाही.

अर्जातलं शेवटचं, कलम १० चं वाक्य विसरू नका. एका नावासाठी किंवा एका खाते क्रमांकासाठी अख्खी संचिका नाकारायची सवय कार्यालयांना असते, ते वाक्य तिला पहिला अडसर घालतं.

आणखी काही प्रसंग, जिथे वैयक्तिक माहितीचा प्रश्न हमखास येतो:

घरकुलाचं पाहा. "शेजाऱ्याला घरकुल कसं मिळालं?" असं विचारू नका. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, प्राधान्यक्रम यादी, मंजूर लाभार्थ्यांची यादी आणि वितरित हप्त्यांची रक्कम मागा. अर्जातच लिहा की ही माहिती कलम ४(१)(ख) खाली लाभार्थ्यांच्या तपशिलात स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. आधार क्रमांक, बँक खातं, जातीचा दाखला हे मागूच नका. त्यांची तुम्हाला गरज नसते आणि ते मागितल्यामुळे यादीही जाते.

कर्मचाऱ्यावरची कारवाई हा सगळ्यात अवघड भाग. सेवापुस्तक, कारणे दाखवा नोटीस, शिक्षेचे आदेश, आयकर विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात म्हटलं. म्हणजे कायदा बदलण्याच्या कितीतरी आधीच ही वाट अरुंद झाली होती. इथे पदाकडून आणि आकड्याकडून जा: अमुक काळात कार्यालयाकडे आलेल्या तक्रारींच्या नोंदवहीची पानं, प्रलंबित विभागीय चौकशांचं वरिष्ठांना पाठवलेलं विवरणपत्र. अशी विवरणपत्रं कार्यालयं वरिष्ठांकडे पाठवत असतात, ती कोणाच्या खाजगी आयुष्याबद्दल नसतात.

नोकरभरतीच्या गुणांबाबत नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं उमेदवारांच्या बाजूनं निकाल दिला होता: सार्वजनिक भरतीतले इतर उमेदवारांचे गुण दडवायचं कारण नाही. तो निकाल जुन्या कलमावर आहे, त्यामुळे तो आज जसाच्या तसा चालेल असं गृहीत धरू नका. आसन क्रमांक, प्रवर्ग आणि गुण एवढंच असलेली यादी मागा. पत्ता आणि जन्मतारीख वगळून.

तुमचा स्वतःचा कागद असेल, म्हणजे तुमची तक्रार, तुमच्या वारस नोंदीची संचिका, तुमची उत्तरपत्रिका, तर तसं स्पष्ट लिहा. स्वतःच्या माहितीला हे कलम आडवं येत नाही. प्रत घ्यायला जाताना ओळखपत्र न्या.

आणि काही माहिती खरोखरच मागू नये. घटस्फोटाच्या भांडणात नवऱ्याची पगाराची पावती माहिती अधिकारात मागणारे पुष्कळ असतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं असं ठरवून दिलंय. तो रस्ता न्यायालयातून जातो आणि जवळचा आहे.

४. स्वतःची माहिती किती द्यायची

दुसऱ्याच्या माहितीबद्दल आपण एवढं बोलतो आणि स्वतःच्या अर्जाला आधार कार्डाची स्वच्छ झेरॉक्स टाचून देतो. कलम ६(२) सांगतं की अर्जाचं कारण द्यायची गरज नाही आणि संपर्कापुरता तपशील सोडला तर दुसरं काही विचारता येत नाही. नाव आणि पत्र पोचेल असा पत्ता, बस्स. कलकत्ता उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये एका प्रकरणात पोस्ट बॉक्स क्रमांक दिला तरी पुरे, असं म्हटलं होतं आणि केंद्रानं ते आपल्या कार्यालयांना कळवलं.

ही भीती उगाच नाही. अर्ज दिला त्या दिवशी संध्याकाळी ठेकेदाराचा फोन येतो, हे लहान गावात कोणालाही विचारा. २०१० च्या जानेवारीत तळेगाव दाभाडेत सतीश शेट्टी यांची हत्या झाली, ते जमिनींची प्रकरणं माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. विषय नाजूक असेल तर एकट्याच्या नावानं अर्ज करू नका. गावाबाहेरच्या ओळखीच्या माणसानं अर्ज केला तरी कायद्याला चालतं, कारण अर्जदार त्या गावचा असण्याची अटच नाही.

नागरिकत्वाचा पुरावा मागितलाच तर मतदार ओळखपत्राची प्रत द्या, किंवा ‘मास्क्ड’ आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर आडवं लिहा: "फक्त माहिती अधिकार अर्ज दि. … साठी". मोबाइल क्रमांक देणं ऐच्छिक आहे. सुनावणीचा निरोप लवकर मिळावा म्हणून मी तो अपिलात देतो, पहिल्या अर्जात देत नाही.

परदेशातल्या मंडळींसाठी: अर्ज भारतीय नागरिकालाच करता येतो. भारतीय पासपोर्ट असेल तर करता येईल, ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) नाही. केंद्राच्या कार्यालयांसाठी परदेशातून ई-पोस्टल ऑर्डरची सोय २०१३ पासून आहे.

५. शुल्क आणि पोच

राज्याच्या कार्यालयाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर चिकटवायचं. केंद्राच्या कार्यालयाला ते चालत नाही, तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. या एका कारणानं परत आलेले अर्ज मी बरेच पाहिलेत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे.

स्टॅम्प चिकटवल्यानंतर झेरॉक्स काढा, आधी नाही. हाती देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. "ठेवून जा, नंतर शिक्का देतो" याला हो म्हणू नका. शिक्का मिळत नसेल तर वाद न घालता टपाल कार्यालयात जा आणि स्पीड पोस्टानं पाठवा, पोचल्याचा ऑनलाइन तपशील छापून फाइलला लावा.

राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. तिथे विभाग आणि कार्यालय निवडताना घाई करू नका, आणि नोंदणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या. ग्रामपंचायतीसारख्या ठिकाणी मी अजून कागदाचाच अर्ज देतो.

६. तीस दिवसांत येणारी पत्रं

अर्ज पोचल्यापासून ३० दिवस. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. या काळात बहुधा यापैकी एक पत्र येतं.

शुल्काचं पत्र: प्रति पान २ रुपये, अधिक टपालखर्च. हिशोब दिलेला असला पाहिजे. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीसमध्ये धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. मुदत उलटून गेल्यावर हे पत्र आलं तर कलम ७(६) दाखवा. उशीर झाला की माहिती विनामूल्य.

त्रयस्थ पक्षाचं पत्र: तुम्ही मागितलेला कागद दुसऱ्या कोणी गोपनीय म्हणून कार्यालयाला दिलेला असेल तर कलम ११ प्रमाणे ५ दिवसांत त्याला नोटीस जाते आणि त्याला म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात. निर्णय ४० दिवसांत व्हायला हवा. पुष्कळ माहिती अधिकारी "त्रयस्थ पक्षानं संमती दिली नाही, सबब माहिती नाकारण्यात येत आहे" असं लिहून मोकळे होतात. तसं नसतं. त्रयस्थाचं म्हणणं ऐकायचं असतं, निर्णय अधिकाऱ्यानं स्वतः कारणं देऊन घ्यायचा असतो.

"संचिका आढळून येत नाही": याला घाबरू नका. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे, आणि त्यात अभिलेखाची बेकायदा विल्हेवाट लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपिलात लिहा: संचिका कोणत्या वर्गात होती, नष्ट केली असल्यास नष्ट केल्याच्या नोंदवहीची प्रत द्यावी, नसल्यास शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी. एवढं लिहिल्यावर गहाळ संचिका सापडल्याचं मी पाहिलंय.

७. माहिती मोठी असेल तर आधी संचिका पाहा

"माहिती व्यापक स्वरूपाची आहे, कार्यालयात येऊन अवलोकन करावे" असं पत्र आलं की लोक चिडतात. मला उलट ते बरं वाटतं. पहिला तास विनाशुल्क असतो, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारनं जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू देण्याचे आदेश काढले होते. तुमच्या कार्यालयात आज काय चालतं ते आधी फोन करून विचारा.

नियमाप्रमाणे आत फक्त पेन्सिल नेता येते, पेन नाही. संचिकेचे दोन भाग असतात: टिपणी विभाग आणि पत्रव्यवहार विभाग. नवखे लोक पत्रव्यवहारच चाळत बसतात. निर्णय कोणी, कोणत्या शेऱ्यानं, कोणाचा विरोध डावलून घेतला हे टिपणीत असतं. हवी ती पानं ‘पृ. क्र. १२/टि.वि., ४५/प.वि.’ अशी लिहून घ्या आणि निघण्यापूर्वी तेवढ्याच पानांच्या साक्षांकित प्रतींची लेखी मागणी देऊन पोच घ्या. पृष्ठांकन केलेलं नसेल तर तेही त्याच पत्रात नमूद करा.

८. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर

नकार मिळाल्यापासून, किंवा उत्तरच न आल्यास मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत पहिलं अपील. जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. केंद्राच्या कार्यालयांत पहिल्या अपिलाला शुल्क नाही. निर्णय ३० दिवसांत, फार तर कारणं नोंदवून ४५ दिवसांत.

अपिलीय अधिकारी त्याच कार्यालयातले वरिष्ठ असतात, फार आशा ठेवू नका. पण इथे लिहिलेला मुद्दा पुढे दुसऱ्या अपिलात माहिती आयोगापुढे तुमचा पाया ठरतो. म्हणून रागाची भाषा टाळून पुढचे मुद्दे, जे लागू असतील तेच, घ्या.

पहिला: नाकारण्याचं समर्थन करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्याची आहे. कोणत्या कागदातला कोणता मजकूर कोणाची वैयक्तिक माहिती आहे, हे त्यानं सांगितलेलं नाही.

दुसरा: मागितलेले कागद सार्वजनिक निधीतून झालेल्या कामाचे आहेत. त्यावर अधिकाऱ्याची सही किंवा ठेकेदाराचं नाव आहे म्हणून अख्खा कागद वैयक्तिक होत नाही. कलम १० नुसार भाग वेगळा करता येतो, आणि तशी विनंती मूळ अर्जातच होती.

तिसरा, लागू असल्यास: ही माहिती कलम ४(१)(ख) खाली स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे.

चौथा: कलम ८(३). वीस वर्षांपूर्वीच्या घटनेच्या माहितीला काही मोजकी कारणं सोडली तर कलम ८ चे अपवाद लागू होत नाहीत, आणि वैयक्तिक माहितीचं कारण त्या मोजक्यांत नाही. जुने फेरफार, जुनी जमीन वाटपं, जुन्या नेमणुका यांसाठी हे सोन्यासारखं कलम आहे आणि फार थोडे लोक ते वापरतात.

पाचवा आणि आता सगळ्यात महत्त्वाचा: कलम ८(२). अपवाद लागू असला तरी माहिती उघड करण्यातलं जनहित संरक्षित हिताला होणाऱ्या हानीपेक्षा जड असेल तर माहिती देता येते. नुसतं "व्यापक जनहितार्थ" लिहून चालत नाही. जनहित दाखवा: "या रस्त्यावरून शाळेतील मुले व रुग्णवाहिका जातात, काम पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत रस्ता उखडल्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत, अदा झालेली रक्कम सार्वजनिक निधीतील आहे, मागितलेल्या कागदात कोणाच्याही कुटुंबाची, आरोग्याची वा बँक खात्याची माहिती नाही." हानी काहीच नाही आणि हित ठळक आहे, हे एकाच परिच्छेदात दिसलं पाहिजे.

काही ठिकाणी उत्तरात थेट "डेटा संरक्षण कायद्यानुसार देता येत नाही" असं लिहिलेलं येतं. त्याला सरळ उत्तर आहे: कलम ७(१) प्रमाणे माहिती फक्त कलम ८ आणि ९ मधल्या कारणांनी नाकारता येते. त्यांनी उपकलम सांगितलंच पाहिजे.

९. दुसरं अपील

पहिल्या अपिलाच्या आदेशानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे, जोडपत्र ‘क’ मध्ये. मूळ अर्ज, पोच, उत्तर, पहिलं अपील, त्याचा आदेश, सगळ्याला पान क्रमांक आणि सुरुवातीला सूची. सुनावणीला वेळ लागतो, फार लागतो. तोवर तोच विषय नव्या, नेमक्या अर्जानं मागायला काही आडकाठी नाही.

एक सापळा इथे आहे. लोक कलम १८ खाली ‘तक्रार’ करतात. तक्रारीत दंड होऊ शकतो, पण आयोग त्यात माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. कागद हवा असेल तर कलम १९(३) खाली अपीलच करा. दंडाची मागणी, दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये, त्याच अपिलात करता येते.

१०. कागद हातात आल्यावर

साक्षांकित प्रत असेल तर प्रत्येक पानावर शिक्का, सही आणि ‘माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये’ असा शेरा आहे का ते काउंटरवरच बघा. नंतर परत जाऊन शिक्का घेणं जिवावर येतं.

मग गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची घाई होते. थांबा. कार्यालयानं झाकायला हवं होतं ते पुष्कळदा झाकलेलं नसतं: लाभार्थ्याचा आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल, विधवा किंवा दिव्यांग असल्याचा शेरा. आधार क्रमांक असा जाहीर करायला आधार कायद्यातच मनाई आहे. डेटा संरक्षण कायद्याची उरलेली बहुतेक बंधनंही मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तुमचा मुद्दा रकमेचा आणि तारखेचा आहे, त्या बाईच्या खाते क्रमांकाचा नाही.

झाकण्याची पद्धत: काळ्या मार्करनं खोडलेलं उजेडात धरलं किंवा फोटोचा प्रकाश वाढवला की वाचता येतं. त्या जागेवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवा, मग झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सचा फोटो पाठवा. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. त्याऐवजी ते पान छापून वरच्याच पद्धतीनं झाकून पुन्हा स्कॅन करा. मूळ प्रत फाइलमध्ये, जशीच्या तशी.